रंगूबाईची चुंबळ आणि भाड्याचं रुखवत

रंगूबाईच्या घरात विकतची भेट चालत नसे. नाकारायची नाही ती. साडी आणा, मिठाईचा खोका आणा, हात पुढे करायची, कपाळाला लावायची आणि लगेच विचारायची, "हे दुकानदारानं दिलं. तू काय दिलंस?" समोरचा गप्प बसला की तिला बरं वाटायचं. चहा मग जरा जास्त साखरेचा व्हायचा.

माण तालुक्यातल्या ज्या गावात ती जन्मली तिथे पाणी दीड कोसावर, आणि पोरींना डोकी दिलीत ती हंडे ठेवायलाच, अशी गावाची पक्की समजूत. सातव्या वर्षी आईने जुन्या लुगड्याची चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली, वर कळशी ठेवली आणि म्हणाली, "आता चाल." तिथे तिचं शिक्षण सुरू झालं आणि तिथेच संपलं. सोळाव्या वर्षी शहाजीशी लग्न. शहाजी मुंबईत मस्जिद बंदरला कांद्या-बटाट्याची पोती वाहायचा. पुढे सरकारने बाजार उचलला आणि खाडीपलीकडे तुर्भ्याला नेऊन ठेवला. बाजारामागून ओझी गेली, ओझ्यांमागून शहाजी गेला, आणि शहाजीच्या मागून रंगूबाई, दोन पोरं आणि एक पत्र्याची पेटी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत येऊन पडली. नवं शहर, एकविसाव्या शतकाचं शहर असं बोर्डावर लिहिलेलं. नळाला पाणी सकाळी चाळीस मिनिटं.

त्या शहरात रंगूबाईने पहिल्याच वर्षी हात चालवायला घेतले. फाटक्या गोणपाटाची पायपुसणी, सुतळीची शिंकी, फुटक्या बांगड्यांचं तोरण. एकदा महिला मंडळाच्या ताई आल्या, हस्तकलेचं शिबिर घ्यायला. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला झोळी. म्हणाल्या, "आज आपण टाकाऊतून टिकाऊ शिकणार आहोत." रंगूबाई मागून म्हणाली, "ताई, आमच्यात टाकाऊ काय ऱ्हातच न्हाय. टिकाऊ कशातनं करू?" ताईंनी क्रेप कागदाचं गुलाब करून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला, शिबिर यशस्वी झालं.

मुलगा इंद्रजित दहावी पास झाला तेव्हा तिने खताच्या गोणीचं दप्तर शिवलं. पट्ट्यावर लाल दोऱ्याने त्याचं नाव शेजारच्या मास्तरांकडून रेखून घेतलं आणि स्वतः भरलं. इंद्रजित ते दप्तर बसस्टॉपपर्यंत न्यायचा आणि तिथे दुसऱ्या पिशवीत घालायचा. पोरगा हुशार होता. इतका हुशार की न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात चिकटला, कंटेनरचे कागद इकडून तिकडे करू लागला, आणि लग्न करून नेरुळला फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्याला मुलगा झाला, नाव सनी. आजीने नऊ बायकांच्या नऊ मऊ साड्या मागून आणल्या आणि नातवाला दुपटं शिवलं. नवं कापड तान्ह्याला टोचतं, म्हणून. सून राजेश्वरीने ते दुपटं वॉशिंग मशीनखाली घातलं. मशीन चालताना हलायचं ते थांबलं. दुपटं चांगलंच होतं हे तीही मान्य करायची.

पण ही सगळी झाली किरकोळ कामं. रंगूबाईची खरी कला म्हणजे चुंबळ.

कापडाची गोल कडी, डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवायची. ऐकायला सोपं आहे. फ्लॅटात राहणाऱ्यांना सगळंच ऐकायला सोपं असतं. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडायच्या, ओल्या असताना पीळ द्यायचा, पायाच्या अंगठ्यात धरून खेचायचा, कडी वळायची, वर गोणपाट गुंडाळायचं आणि दाभणाने सुतळीचे तिरपे टाके घालायचे. पीळ ढिला राहिला तर दहाव्या खेपेला कडी फाकते आणि पोत्याचा भार सरळ मानेच्या मणक्यावर बसतो. मणका काय बाजारात मिळत नाही. शहाजीची तेहतीस वर्षं मान सरळ राहिली ती रंगूबाईच्या अंगठ्यामुळे, असं शहाजीच सांगायचा. दर पोळ्याला ती त्याला नवी चुंबळ करून द्यायची. बैलाला झूल मिळते त्या दिवशी, मग तुमाला का नको, म्हणायची. शहाजी हसायचा आणि बैलासारखाच गपगुमान घ्यायचा. बाजारातली चारदोन माणसं यायची, "वैनी, आमालाबी एक." ती खवळायची. "तुमच्या घरात बायका न्हाईत व्हय? माझ्या हाताला काय दुकान लावलंय?"

मग शहाण्णव साली लेकीचं लग्न ठरलं.

लेक ज्ञानेश्वरी पावणे एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरायची. हातात सुई धरायला सांगितली की म्हणायची, "आई, आठ तास हातच वापरते गं मी. घरी आल्यावर तोंड वापरू दे." स्थळ इंद्रजितने आणलं. मुलगा सयाजी, सीवूड्सला फ्लॅट, माणसं साताऱ्याकडचीच. बोलणीही इंद्रजितनेच केली. मुलाकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? इंद्रजित म्हणाला, "मार्केटला असतात. कांदा-बटाटा." खोटं काहीच नव्हतं. फक्त ऐकणाऱ्याला पेढी दिसावी, गादी दिसावी, गादीवर लोडाला टेकलेले शहाजीराव दिसावेत अशा आवाजात म्हणाला. मग त्याने विचारलं, आणि मुलाचे वडील? सयाजीचा मामा म्हणाला, "ट्रान्सपोर्ट लाइन." तेही त्याच आवाजात. दोन्ही बाजूंना समाधान वाटलं.

लग्नाच्या महिनाभर आधी सुनेने रुखवताचा विषय काढला.

रुखवत म्हणजे नवरीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू. लग्नाच्या हॉलात टेबल मांडून ठेवायच्या, नवऱ्याकडच्या बायकांनी नाक मुरडत बघायच्या. रंगूबाईने जुनी लुगडी बाहेर काढली तशी राजेश्वरी म्हणाली, "आई, तुम्ही त्रास नका घेऊ. वाशीला भाड्याने मिळतं."

"काय मिळतं?"

"रुखवत. फुल सेट. थर्माकोलचा राजवाडा, काडेपेटीच्या काड्यांचं तुळशी वृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी, स्टॉकिंगची फुलं, लोकरीचा कुत्रा. बोर्डासकट. 'वधूच्या हातची कला.' खाली नाव ते लिहून देतात. लग्न झालं की त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो."

रंगूबाईने हातातलं लुगडं खाली ठेवलं. "मंजे ह्येच रुखवत काल दुसरीच्या हातची कला व्हतं, आन उद्या तिसरीच्या?"

"सगळे असंच करतात आई."

"मग नवरीबी भाड्यानं आना की. सांजच्याला परत."

इंद्रजित मध्ये पडला. "आई, टेन्शन नको देऊ. त्यांचा स्टँडर्ड वेगळा आहे."

त्या रात्री काही न बोलता ज्ञानेश्वरीने दोन लुगडी ओढली आणि कोपऱ्यात बसली. चार दिवस बसली. बोटाला दाभण टोचलं, आईने शिव्या घातल्या, तिने उलट घातल्या. पाचव्या दिवशी एक चुंबळ तयार झाली. जराशी वाकडी, पण चुंबळ. "आबांना," ती म्हणाली. "तू म्हातारी होशील तेव्हाची प्रॅक्टिस."

रंगूबाईने ती हातात घेतली, उलटसुलट केली. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. तिच्या डोळ्यांना तसल्या सवयी नव्हत्या. म्हणाली, "ही रुखवतात ठेवायची."

इंद्रजितच्या तोंडचं पाणी पळालं. "आई! चुंबळ? लोकांना कळेल ना!"

"काय कळंल?"

"आबा... काय करतात ते."

"मग काय, आबा चोऱ्या करत्यात?"

"तसं नाही गं. मी त्यांना म्हटलंय मार्केटला असतात. लग्न मोडलं तर? ज्ञानीचं नुकसान होईल."

हा शेवटचा घाव बरोबर बसला. पोरीचं नाव काढलं की आईचं तोंड बंद होतं, हे न्हावा शेव्याला शिकवत नाहीत, पण येतं सगळ्यांना. रंगूबाई रात्रभर कूस बदलत राहिली. चुंबळ ठेवली तर पोरीचं लग्न जाईल. नाही ठेवली तर तेहतीस वर्षं पोती वाहिलेला माणूस स्वतःच्या लेकीच्या लग्नात चोरासारखा लपेल. सकाळी उठून म्हणाली, "बोर्डावर वधूच्या हातची कला लिवनार न्हवं? मग टेबलावर वधूच्या हातची एक तरी वस्तू पायजे. न्हायतर तो बोर्ड मी फोडीन. हॉलात. मानसांच्या देखत." इंद्रजित आईला ओळखत होता. बोर्ड फुटण्यापेक्षा चुंबळ परवडली.

लग्न वाशीच्या हॉलात, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. इंद्रजितने आबांना सफारी शिवली होती, गळ्याशी घट्ट, कॉलर ताठ, मानेवरचा घट्टा झाकेल अशी. वर फेटा. शहाजी आरशात बघून म्हणाला, "मी आमदारावानी दिसतोय. आता माज्यावर कोन इश्वास ठेवनार?"

"आबा, एकच करा. हॉलमध्ये काही उचलायचं नाही. खुर्चीसुद्धा नाही."

रुखवताचं टेबल दाराशीच लागलं. रंगूबाईने चुंबळ अगदी पुढे, राजवाड्याच्या पायऱ्यांशी ठेवली आणि पाहुण्यांना हळदीकुंकू लावायला गेली. परत आली तर चुंबळीवर लोकरीचा कुत्रा बसलेला. तिने कुत्रा उचलून मागे ठेवला. राजेश्वरी आली, हसली, कुत्रा परत पुढे. असं तीनदा झालं. सासूसुनांमध्ये एक शब्द नाही, फक्त कुत्र्याची ये-जा. चौथ्यांदा कुत्रा उचलणार तेवढ्यात ताशा वाजला आणि मुलाकडच्या बायका आत शिरल्या.

पुढे नवऱ्यामुलाची आई केशरबाई. बुटकी, जाड, नाकात नथ, हातात कोपरापर्यंत चुडा आणि नजर अशी की जोंधळ्यातला खडा दुरून दिसावा. मागे व्हिडिओवाला, त्याच्या मागे लाइट धरलेला माणूस. केशरबाई बोर्डापुढे थांबली. नातीने वाचून दाखवलं, "वधूच्या हातची कला. चि. सौ. कां. ज्ञानेश्वरी."

"व्हय का," केशरबाई म्हणाली. राजवाड्याकडे वाकून बघितलं. "ग्वाड हाय. आमच्या थोरलीच्या लग्नातबी हाच वाडा व्हता. ह्या खिडकीचा कागद तवाच निघालेला. अजून कुनी चिकटवला न्हाय?"

राजेश्वरीचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, नुसतं आतून विझलं. व्हिडिओवाल्याने कॅमेरा छताकडे वळवला. तोही वाशीचाच होता, त्यानेही हा वाडा पाचपन्नास वेळा काढला असणार.

केशरबाईने कुत्रा उचलला. "कुत्र्याला गादी बरी केलीय," म्हणाली आणि खालची चुंबळ हातात घेतली.

मग तिने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं, पण कळलं फक्त रंगूबाईला. केशरबाईने चुंबळ उलटी केली, अंगठा आतल्या कडेला लावला आणि दाबत दाबत पूर्ण फिरवला. मग दोन्ही हातांनी धरून बाहेर ताणली. भाजीची पाटी वाहणारी बाई कडी अशी तपासत नाही. हंडा वाहणारी बाईही नाही. असं तपासतं फक्त एक माणूस: जिच्या नवऱ्याच्या डोक्यावर ती जाणार असते ती.

"ही कुनी केली?"

इंद्रजित कुठून तरी धावत आला. "ते शोपीस आहे मावशी! व्हिलेज लाइफ. हल्ली फॅशन आहे."

"शोपीस?" केशरबाईने त्याला वरून खाली पाहिलं. "सुतळीचा टाका तिरपा हाय, गोनपाट दुहेरी हाय. ही पोत्याची चुंबळ हाय, बाळा. तुमचं वडील पेढीवर बसत्यात न्हवं? मग पेढीवर काय डोकं टेकायला लागती?"

हॉलात ताशा चालू होता, टेबलाभोवतीच्या बायका जवळ सरकल्या. इंद्रजितने आईकडे पाहिलं. लहानपणी मार खाण्याआधी पाहायचा तसं.

रंगूबाई पुढे झाली. "पेढी न्हाय, काय न्हाय. हमाल हाय माजा नवरा. तेहतीस वर्सं. पोरगं खोटं बोललं, त्याची लाज त्याला. चुंबळ माझ्या लेकीनं केलीय, बापासाठी. टेबलावरची तेवढीच एक वस्तू तिच्या हातची. आता लग्न मोडायचं तर हितंच मोडा, पंगत बसायच्या आत. अन्न वाया नको जायला."

केशरबाईने नथ सारखी केली.

"मोडायचं कशाला? मी म्हन्ते, पीळ ढिला हाय."

"काय?"

"पीळ. ढिला. हाय. पोरीला शिकिवलं न्हाय तुमी नीट."

आता इथे शहाणी बाई असती तर देवाचे आभार मानून गप्प बसली असती. लग्न वाचलं होतं. पण रंगूबाईला लग्नाचा विसर पडला. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं. "ढिला? माझ्या घरातली चुंबळ ढिली? तुमाला काय कळतंय वं त्यातलं? तुमची ट्रान्सपोर्ट लाइन!"

"ट्रान्सपोर्ट!" केशरबाई एवढ्याने हसली की चुडा वाजला. "मस्जिद बंदरला हातगाडी वडत व्हतं आमचं. बावीस वर्सं. चढाला मागनं मी ढकलायची. गाडीवरनं वखारीत डोक्यावर. त्यांच्या चुंबळी कुनी केल्या, तुमच्या थर्माकोलवाल्यानं?"

मुलाकडच्या घोळक्यात सयाजीचा मामा होता, तो एकदम पाणी पिऊन येतो म्हणाला.

म्हणजे दोन्हीकडून हमालच होते. दोन्हीकडून लपवलं होतं. एकमेकांना फसवायला दोन्ही घरांनी सारखीच अक्कल लावली होती आणि भाड्याचा वाडाही एकाच दुकानातून आणला होता. पण या गोष्टीचं दोघींना काहीच पडलं नव्हतं. त्यांचं भांडण पिळाचं.

"ताणून बघा की," रंगूबाई म्हणाली.

"ताणली मी. फाकती."

"नवी हाय, बसंल."

"नवी फाकती ती जुनी उसवती."

माइकवरून गुरुजी म्हणाले, "मुलीच्या आईने आणि मुलाच्या आईने स्टेजवर यावं." दोघींपैकी कुणी मान वळवली नाही.

"आवं, हिकडं या!" रंगूबाईने हॉलच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली. खुर्चीवर ताठ बसून आमदार झालेला शहाजी दचकून उठला. "फेटा काढा. खाली बसा."

"आई, प्लीज," इंद्रजित म्हणाला. आबांनी फेटा काढून त्याच्याच हातात दिला. रंगूबाईने विहिणीच्या हातातली चुंबळ घेऊन नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

आचाऱ्याकडचं कांद्याचं पोतं आलं, पन्नास किलोचं. उचलायला कुणाला सांगावं लागलं नाही. मुलाकडच्या रांगेतून एक वाळका म्हातारा आला, सोनेरी काठाचं उपरणं घातलेला: नवऱ्यामुलाचा बाप गोटीराम. त्याने उपरणं कमरेला खोचलं, पोत्याचे दोन कान धरले, शहाजीकडे बघून नुसतं "हां" म्हणाला आणि पोतं शहाजीच्या डोक्यावर असं बसवलं की कांदासुद्धा हलला नाही. बोलणी दुसऱ्यांनीच केलेली; दोघे त्याआधी एकमेकांना कधी भेटले नव्हते.

शहाजी चालला. सफारीचं गळ्याचं बटण पहिल्या पावलालाच उडालं. टेबलापासून स्टेजपर्यंत, स्टेजपासून दारापर्यंत, सरळ मानेने, खुर्च्यांच्या मधून, अत्तर लावलेल्या लोकांच्या मधून. "बाजू, बाजू," म्हणत. बाजारातली सवय. लोक बाजूला झाले. व्हिडिओवाला उलटा चालत शूटिंग करत होता, आणि इंद्रजित फेटा हातात धरून त्याच्यामागे, "बंद कर रे, बंद कर." नवरी मुंडावळ्या सावरत खोलीच्या दारात येऊन उभी. "आबा, कशी आहे?" तिने ओरडून विचारलं.

शहाजीने तीन फेऱ्या मारल्या. मग गोटीरामाने पोतं उतरवलं. शहाजीने चुंबळ डोक्यावरून काढली, बघितली. बायकोकडे बघितलं. विहिणीकडे बघितलं. तेहतीस वर्षांत त्या माणसाने बायकोच्या हातच्या वस्तूला नाव ठेवलं नव्हतं, पण खोटं बोलायला तो काही निवडणुकीला उभा नव्हता.

"पोरीनं केलीय, माझ्या जिवाला लई बरं वाटलं," तो म्हणाला. "पन खरं सांगायचं तर इहीनबाई बरोबर हायत. ढिली हाय."

लग्न लागलं. मुहूर्त अकरा मिनिटांनी टळला होता, गुरुजींनी घड्याळ पुढे-मागे असतं असं सांगितलं. रंगूबाईने अक्षता टाकल्या त्या नवऱ्याच्या तोंडावर नेम धरून. संध्याकाळी दुकानाचा माणूस आला, राजवाडा, कुत्रा आणि बोर्ड टेम्पोत घालून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सानपाड्याला कुणाचं तरी लग्न होतं. चुंबळ केशरबाईने पदराखाली घेतली. उसवून, पोरीला परत वळायला लावते, म्हणाली.

इंद्रजित आठ दिवस वसाहतीत फिरकला नाही. राजेश्वरी मात्र एकदा आली. चहा प्यायली आणि निघताना इकडचं तिकडचं बोलत विचारलं, "आई, ते दुपटं उसवून पुन्हा शिवता येतं का?" रंगूबाई म्हणाली, "मशीन हलंल की." मग म्हणाली, "आन."

मांडवपरतणीला ज्ञानेश्वरी माहेरी आली. साडी होती, पेढे होते, ते रंगूबाईने कपाळाला लावून बाजूला ठेवले. मग लेकीने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "सासूबाईंनी दिलीय. उसवून परत वळायला लावली मला. आबांना."

चुंबळ होती. शहाजी हात पुढे करत होता, पण रंगूबाईने मधल्या मध्ये घेतली आणि दारात उजेडाला गेली. अंगठा आतून फिरवला. ताणली. जमिनीवर ठेवून गुडघ्याने दाबली. गुडघ्याने काही झालं नाही म्हणून उभी राहून पायाने दाबली. शेजारची काशी भांडी घासायची थांबून बघत राहिली. चुंबळ दगडासारखी जशीच्या तशी.

रंगूबाई आत आली. चुंबळ नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

"दोरा पांढरा लावलाय," ती म्हणाली. "मळंल."